एकतीस राजे, आणि त्यांतला एक हासोरचा

निंबाची सावली (मूळ धागा)

बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाचा (यहोशवाने इस्राएलाला घेऊन कनान देश जिंकल्याची ही गोष्ट) बारावा अध्याय आमच्या घरी कुणी मोठ्याने वाचत नसे. आजी रोज रात्री भिंग धरून एक अध्याय वाचायची. बारावा आला की म्हणायची, "ही नुसती हजेरी आहे, पुढे चला." आणि आहेही तसंच. यरीहोचा राजा एक, बेथेलजवळच्या आयचा राजा एक, यरुशलेमेचा राजा एक, हेब्रोनचा राजा एक, असं करत करत तिरसाच्या राजापर्यंत. मग बेरीज: एकतीस.

मी आता आमच्या मंडळीत संडे स्कूलला शिकवते. गेल्या रविवारी यरीहोचा धडा होता. तट पडला, शिंगं वाजली, सगळं सांगून झालं. दहा वर्षांच्या एका मुलाने हात वर केला: "बाई, यरीहोच्या राजाचं नाव काय होतं?" मी तिथेच पानं चाळली. नाव नाही. दुसऱ्या अध्यायात तो राहाबेकडे हेर पकडायला माणसं पाठवतो, तिथेही तो फक्त 'यरीहोचा राजा'. बाराव्या अध्यायातल्या त्या हजेरीत तर एकतिसांपैकी एकाचंही नाव नाही, नुसती गावं. यार्देनेच्या पलीकडच्या सीहोन आणि ओग या दोघांची नावं अध्यायाच्या सुरुवातीला आहेत, पण ते अमोरी राजे, या एकतिसांत त्यांची गणती नाही.

मुलाला म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. तेव्हापासून रोज रात्री हेच वाचतेय.

नावं सापडतात ती दहाव्या आणि अकराव्या अध्यायात. दक्षिणेकडचे पाच: यरुशलेमेचा अदोनीसदेक, हेब्रोनचा होहाम, यर्मूथचा पिराम, लाखीशचा याफीय, एग्लोनचा दबीर. लाखीशच्या मदतीला धावून आलेला गेजेरचा होराम. उत्तरेला हासोरचा याबीन आणि मादोनचा योबाब. पुढे 'शास्ते' या लगतच्या पुस्तकात अदोनीबेजेक.

यांतला अदोनीसदेक मला सगळ्यात नीट समजला. लहानपणी वाटायचं की हे राजे देवाचे वैरी म्हणून चालून आले. पण दहावा अध्याय सावकाश वाचला तर त्याचं कारण तिथेच लिहिलेलं आहे. गिबोन हे मोठं शहर, तिथली माणसं लढवय्यी. ते गपचूप इस्राएलाशी तह करून बसलं. यरुशलेमेपासून गिबोन किती लांब? दहा किलोमीटरच्या आत. म्हणजे शेजारचा सगळ्यात बलवान गडी रातोरात पलीकडच्या बाजूला गेला. अदोनीसदेक घाबरला असं शास्त्र स्वतः सांगतं. म्हणून त्याने चौघांना निरोप धाडला, आणि ते पाचजण चालून गेले ते इस्राएलावर नव्हे, गिबोनावर. यहोशवा गिलगालाहून रात्रभर चालत आला. पुढे गारांचा वर्षाव, गिबोनावर थांबलेला सूर्य, अयालोनच्या खोऱ्यावर थांबलेला चंद्र हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मक्केदाच्या गुहेचा भाग मात्र मुलांना सांगताना माझा आवाज दरवेळी अडतो. पाचही राजे गुहेत लपतात. यहोशवा तोंडावर धोंडे लोटायला लावतो, पहारा बसवतो आणि लढाई आधी पुरी करतो. मग त्यांना बाहेर काढून सरदारांना त्यांच्या मानेवर पाय द्यायला सांगतो. पाच झाडं, पाच देह. सूर्यास्ताला खाली उतरवून त्याच गुहेत टाकतात आणि पुन्हा धोंडे. जीव वाचवायला ज्या गुहेत शिरले, तीच त्यांची कबर झाली.

माझे दोन प्रश्न आहेत. एक, या राजांची त्यांच्या स्वतःच्या बाजूने काही माहिती मिळते का? दोन, हासोरचा याबीन यहोशवाच्या अकराव्या अध्यायात मारला जातो, हासोर जाळलं जातं. मग शास्तेच्या चौथ्या अध्यायात याबीन पुन्हा हासोरात राज्य करतोय आणि वीस वर्षं इस्राएलाला छळतोय, हे कसं?

---

भूर्जपत्र

निंबाताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुमचा तो विद्यार्थी उड्या मारेल. या शहरांच्या राजांनी लिहिलेली पत्रं आज आपल्या हातात आहेत. नेमक्या याच राजांची नव्हेत, यांच्या दीडेकशे वर्षं आधी याच गाद्यांवर बसलेल्यांची.

१८८७ साली इजिप्तमधल्या अमार्ना इथे मातीच्या पाट्या सापडल्या, साधारण ३८०. फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, दफ्तरातला हा टपाल-व्यवहार आहे, इ.स.पू. चौदाव्या शतकातला. कनानातले राजे फारोला अक्कादी भाषेत, कीलाक्षरांत लिहितात. कनान तेव्हा इजिप्तच्या ताब्यात होता आणि हे राजे मांडलिक होते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एकेक गढी आणि तिच्याभोवतीची पाच-पन्नास खेडी. पत्राची सुरुवात ठरलेली: धनी, मी तुमच्या पायांशी सात वेळा आणि सात वेळा लोटांगण घालतो.

यरुशलेमेचा अब्दी-हेबा त्यात आहे. अदोनीसदेकाच्याच गादीवरचा. तो लिहितो की मला या जागी माझ्या बापाने बसवलं नाही, आईनेही नाही, राजाच्या बळकट हाताने बसवलं. आणि मग मागतो काय? एका पत्रात शहर राखायला पन्नास माणसं! मगिद्दोचा बिरीदिया शंभर मागतो, कारण शखेमचा लबाया त्याच्या वेशीवर आलाय आणि कापणीसुद्धा करता येत नाहीये. हे आकडे वाचले की 'राजा' या शब्दाचं माप आपोआप बसतं.

माझ्या सगळ्यात जवळची जागा म्हणजे अब्दी-हेबाच्या एका पत्राची शेपटी. मुख्य मजकूर संपल्यावर तो फारोच्या लेखनिकाला वेगळं लिहितो की बाबा रे, माझं म्हणणं राजापुढे चांगल्या शब्दांत मांड, राजाचा सगळा मुलूख हातचा चाललाय. साडेतीन हजार वर्षांपूर्वी साहेबापर्यंत अर्ज नीट पोचावा म्हणून कारकुनाला केलेली ही विनवणी आहे. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढे सरकलोच नाही.

हे राजे एकमेकांच्या उरावर कायम बसलेले. शुवर्दाता नावाचा शेजारी राजा फारोला कळवतो की लबाया मेला, पण अब्दी-हेबा हा दुसरा लबायाच निघालाय. अशा लोकांमधले पाच एका फळीत आले, तर गिबोनाच्या तहाने किती मोठा हादरा बसला असेल याचा अंदाज करा.

पत्रांत 'हापिरू' नावाच्या टोळ्यांचा उल्लेख सारखा येतो आणि लोक लगेच म्हणतात, हे 'हिब्रू'. तसं सरळ समीकरण मांडू नका. हापिरू ही एक जमात नव्हती. गाव सुटलेले, कर्जाला कंटाळून पळालेले, भाडोत्री लढणारे अशा सगळ्यांना तो शब्द लावत. सोराचा (टायरचा) राजा तर हासोरच्या राजाबद्दल तक्रार करतो की तो आपलं घर सोडून हापिरूंना जाऊन मिळाला.

'इस्राएल' हे नाव दगडावर पहिल्यांदा दिसतं ते फारो मर्नेप्ताहच्या शिलालेखात, साधारण इ.स.पू. १२०८. फ्लिंडर्स पेट्री यांना तो १८९६ मध्ये थीब्ज इथे मिळाला. अश्कलोन, गेजेर, यनोआम यांच्या पंगतीत इस्राएल येतं, आणि बाकीच्यांपुढे मुलखाची खूण आहे तर इस्राएलापुढे लोकसमूहाची. म्हणजे लोक आहेत, पण अजून राजा नाही आणि तटबंदीचं शहरही नाही.

---

जुनी पेटी

वाचनखूण साठवली.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. यरीहोच्या राजाचं नाव न सापडण्याचं कारण वेगळंही असू शकतं. पुरातत्त्वज्ञ गार्स्टँग यांनी १९३० च्या दशकात यरीहोत पडलेला तट सापडल्याचं जाहीर केलं. मग कॅथलीन केनयन यांनी १९५२ ते १९५८ खोदकाम केलं, आणि तो तट कितीतरी आधीचा निघाला. शहराचा मोठा विध्वंस साधारण इ.स.पू. १५५० चा. तेराव्या शतकात तिथे तट असलेलं शहर असल्याची खूण नाही. आयचं तर त्याहून कठीण. एत-तेल हे टेकाड आय मानलं जातं. तिथलं शहर इ.स.पू. २४०० च्या आसपास उजाड झालं आणि पुढची हजारभर वर्षं तिथे वस्तीच नव्हती. ज्या शहराला राजा नव्हता त्याच्या राजाला हजेरीत कसं मोजायचं?

शिवाय शास्त्रातच दोन सूर आहेत. यहोशवा १२ मध्ये गेजेर, मगिद्दो, तानख, यरुशलेम या सगळ्यांचे राजे 'एक, एक' करून मोजलेत. शास्तेचा पहिला अध्याय उघडा: गेजेरातून कनान्यांना घालवलं नाही, मगिद्दो आणि तानखातून घालवलं नाही, यरुशलेमेतून यबूसी हलले नाहीत. यहूदाला डोंगर मिळाला, पण खोऱ्यातले लोक हटेनात, कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ होते. १ राजे ९ मध्ये तर गेजेर शेवटी फारो जिंकतो आणि शलमोनाला दिलेल्या लेकीला आंदण देतो. मला स्वतःला शास्तेचा पहिला अध्याय जास्त खरा वाटतो, कारण त्यात हार कबूल केलेली आहे.

---

ओवी

मला इतिहासापेक्षा दुसरीच गोष्ट सलते. निंबाताई, तुम्ही हे दहा वर्षांच्या मुलांना शिकवता. 'जिवंत कुणी ठेवला नाही' हे वाक्य त्या दोन अध्यायांत किती वेळा येतं? राजे लढले आणि मेले, ते एक वेळ समजू. गावातल्या बायका, लेकरं, त्यांचं काय? तट पडल्याचं गाणं मुलं टाळ्या वाजवून म्हणतात, तेव्हा आत कोण होतं हे आपण सांगतच नाही. रागाने लिहीत नाहीये, पण मी स्वतः अशाच वर्गात वाढले आणि मोठी झाल्यावर हे वाचून मला फसवल्यासारखं वाटलं.

---

निंबाची सावली

ओवी, तुझं म्हणणं मनाला लागलं आणि ते बरोबर आहे. मी आजवर तो भाग गाळत आले. गाळलं की मुलांना वाटतं राजे म्हणजे सोंगट्या. त्यापेक्षा त्या मुलाने विचारलं तसं आधी नाव विचारावं, असं आता वाटतंय.

अदोनीबेजेकाची गोष्ट मी याच कारणाने कधी सांगितली नव्हती. शास्ते १. यहूदाचे लोक त्याला पकडून हातापायांचे अंगठे तोडतात. अंगठा गेला की धनुष्य ओढता येत नाही, पायाचा गेला की धावता येत नाही, राजा म्हणून माणूस संपला. आणि तो स्वतः म्हणतो की मीही सत्तर राजांचे अंगठे तोडून त्यांना माझ्या मेजाखालचे तुकडे वेचायला लावले होते, देवाने माझी फेड केली. जिंकलेल्यांच्या पुस्तकात हरलेल्या राजाच्या तोंडी इतकं स्वच्छ बोलणं आलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जुनी पेटी, आयबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. हासोरबद्दल कुणी सांगेल का?

---

भूर्जपत्र

हासोर म्हणजे या सगळ्या प्रकरणाची गाठ.

आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात, तिकडे त्याला तेल म्हणतात. नेवासं, दायमाबाद पाहिलेल्यांना चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. पण हासोरची पांढरी अवाढव्य. वरचं आणि खालचं शहर मिळून ८० हेक्टरांच्या आसपास, म्हणजे २०० एकर. त्या काळातल्या कनानात एवढं दुसरं शहर नाही. 'पूर्वी हासोर या सगळ्या राज्यांचं मस्तक होतं' असा यहोशवा ११ चा आशय आहे, तो जमिनीवर मोजून खरा ठरतो.

यिगाएल यादीन यांनी १९५५ ते १९५८ आणि पुन्हा १९६८ मध्ये खोदलं, १९९० पासून आम्नोन बेन-तोर यांनी. इ.स.पू. तेराव्या शतकात हे शहर भयंकर आगीत गेलं. राजवाड्यात आग इतकी पेटली की कच्च्या विटा वितळल्या. २०१२ मध्ये जळलेल्या गव्हाने भरलेले रांजण सापडले. मूर्तींची डोकी आणि हात मुद्दाम तोडलेले होते, कनानी देवांच्याही आणि इजिप्शियन राजांच्याही.

हे कुणी केलं यावर एकाच खोदकामावरच्या दोघांचं एकमत नव्हतं. बेन-तोर म्हणत: इजिप्तचे लोक आपल्याच राजाची मूर्ती फोडणार नाहीत, कनानी आपल्या देवाची फोडणार नाहीत, मग उरतं इस्राएल. शारोन झुकरमन म्हणत: आगीच्या आधीच मंदिरं ओस पडत होती, कारभार ढासळला होता, शहराच्याच लोकांनी राजवाडा आणि देवळं जाळली. मी झुकरमन यांच्या बाजूला झुकतो. लढाईत मेलेल्यांचे सांगाडे आणि शस्त्रांचा खच तिथे मिळालेला नाही, आग मुख्यतः सत्तेच्या वास्तूंना लागली. करांनी पिचलेली रयत काय करू शकते हे कोणत्याही मुलखाला वेगळं सांगायला नको.

आता याबीन. हे बहुधा हासोरच्या घराण्यात फिरून फिरून येणारं नाव. मारी या सीरियातल्या प्राचीन शहराच्या दफ्तरात, इ.स.पू. अठराव्या शतकात, हासोरचा राजा इब्नी-अद्दू आहे, आणि याबीन हे त्याच 'इब्नी'चं रूप मानतात. हासोरमध्येच सापडलेल्या एका पाटीच्या तुकड्यावरही 'इब्नी' वाचलं गेलंय. तेव्हा दोन पुस्तकांत दोन याबीन असणं अशक्य नाही. अडचण दुसरी आहे: त्या आगीनंतर हासोर बराच काळ मोठं शहर राहिलंच नाही, नंतरची वस्ती गरीब आणि विरळ. मग तिथे बसून वीस वर्षं छळणारा राजा कुठला?

---

जुनी पेटी

त्याचं उत्तर शास्तेमधल्या दबोरा या भविष्यवादिनीच्या गीतात शोधा. शास्ते ४ गद्य आहे, शास्ते ५ गीत. पुष्कळ अभ्यासक गीत जुनं मानतात. आणि त्या गीतात याबीनचं नावच नाही! 'राजे आले, लढले, कनानाचे राजे तानखापाशी, मगिद्दोच्या पाण्याजवळ लढले.' याबीनचा सेनापती सीसरा आहे, याबीन नाही. गद्यातसुद्धा याबीन रणांगणावर एकदाही दिसत नाही, सगळं सीसरा करतो. यादीन यांचंही मत होतं की शास्तेमधलं याबीनचं नाव मागाहून जोडलेलं आहे.

लढाईची जागा मात्र अगदी पटते. नऊशे लोखंडी रथ म्हणजे सपाटीवरचं हत्यार. (फारो तिसरा थुतमोस याने मगिद्दोच्या लढाईत ९२४ रथ लुटले अशी त्याची स्वतःची नोंद आहे, म्हणजे आकडा हवेतला नाही.) इस्राएलाचा सरदार बाराक दहा हजार माणसं घेऊन ताबोर डोंगरावर, रथ खाली इज्रेलच्या मैदानात, मध्ये कीशोन नदी. गीत म्हणतं आकाशातून तारे लढले, कीशोनने त्यांना वाहून नेलं. पाऊस झाला आणि जड मातीत चाकं रुतली, एवढंच. ज्याने भर पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी काढलीय त्याला सीसरा रथातून उतरून पायी का पळाला हे विचारावं लागणार नाही. पुढे याएल नावाच्या बाईचा तंबू, पाण्याऐवजी दूध, पांघरूण, आणि झोपलेल्या सीसराच्या कानशिलातून तिने जमिनीत ठोकलेली मेख.

---

रेवदंडा ते अश्दोद

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, माहेर रेवदंड्याचं, गेली तेवीस वर्षं इस्राएलमधल्या अश्दोदला आहोत. घरी अजून मराठीच.

यरुशलेमेच्या इस्राएल म्युझियममध्ये हासोरचं एक छोटं देऊळ मांडून ठेवलंय. देऊळ कसलं, गुडघ्याएवढ्या काळ्या दगडांची ओळ. बसाल्ट आहे, आपल्याकडच्या काळ्या पाषाणासारखाच, त्यामुळे मला तिथे एकदम घरचं वाटलं. मधल्या एका दगडावर चंद्रकोर आणि तिच्याखाली वर केलेले दोन हात कोरलेत. बाकी काही नाही, फक्त दोन हात. शेजारी हातात वाडगा धरून बसलेली ठेंगणी मूर्ती, छातीवर उलटी कोर. तिचं डोकं धडापासून तुटलेलं मिळालं होतं. मी नातीला घेऊन गेले होते. ती म्हणाली, आजी, हे हात जोडत नाहीयेत, वर करून मागतायत.

ओवीताईंनी विचारलं, आतल्या माणसांचं काय. त्यावर आमच्याकडची एक गोष्ट सांगते. दबोरेच्या गीताचा शेवट सीसराच्या आईवर होतो. ती खिडकीतून, जाळीतून बघतेय: त्याचा रथ यायला उशीर का झाला, चाकांचा आवाज का येत नाही? शहाण्या बायका समजूत काढतात, लूट वाटत असतील. ऐकणाऱ्याला माहीत आहे, तो मेलाय.

ती आई खिडकीत रडते, त्यासाठी हिब्रूत जो शब्द आलाय, त्याच्यावरूनच तालमूदमध्ये (आमच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात) चर्चा होते की रोश हशानाला, आमच्या नववर्षाला, शोफार हे शिंगाचं वाद्य कसं वाजवायचं. शोफारची 'तरुआ' ही फुंक म्हणजे नेमका कसला आवाज? सीसराच्या आईच्या रडण्यासारखा. कुणी म्हणालं कण्हल्यासारखा लांब, कुणी म्हणालं हुंदक्यांसारखा तुटक, म्हणून दोन्ही वाजवतात. शंभर फुंका तिच्या शंभर आक्रोशांच्या म्हणून, असंही जुन्या टीकाकारांनी लिहून ठेवलंय. सीसराच्या वंशजांनी पुढे यरुशलेमेत मुलांना तोरा (मोशेचं धर्मशास्त्र) शिकवली असंही तालमूदात आहे.

माझ्या वडिलांना हे ठाऊक होतं. रेवदंड्याला शोफार वाजायला लागला की ते मला जवळ ओढून हळूच सांगायचे, "ऐक, ती बाई रडतेय."

---

ओवी

ताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आज एवढंच लिहू शकते.

---

निंबाची सावली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार झाला, म्हणून कळवते.

वर्गात फळ्यावर नकाशा काढला: यरुशलेम, गिबोन, लाखीश, गेजेर, वर हासोर. त्या मुलाला सांगितलं की यरीहोच्या राजाचं नाव मिळालं नाही, आणि यरीहोचं काय झालं यावर खोदणाऱ्यांचं म्हणणं पुस्तकापेक्षा वेगळं आहे. तो थोडा खट्टू झाला. मग अब्दी-हेबाचं पत्र वाचून दाखवलं, पन्नास माणसं मागणारं. मुलांनी वर्गातली आणि शेजारच्या वर्गातली डोकी मोजली. एकोणपन्नास भरली, पन्नासावी मी. मुलं बघतच राहिली. एवढ्यांनी यरुशलेम राखायचं?

सीसराच्या आईचा भाग मी पाठ्यातून न गाळता वाचला. नंतर आमच्या पाळकांनी बोलावून विचारलं की हा भाग लहान मुलांना कशाला. मी त्यांना रेवदंड्याच्या ताईंचा प्रतिसाद फोनवर वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि शोफारचा आवाज कुठे ऐकायला मिळेल ते विचारलं.

ताई, तुमच्याकडे एखादं ध्वनिमुद्रण असेल तर इथे डकवाल का? पुढच्या रविवारी मुलांना ऐकवायचं आहे.